फलकावर नाव आहे, अजिंक्यपद कसे ठरले ते नाही

प्रति,
प्रादेशिक पुरुष हौशी गोल्फ अजिंक्यपद स्पर्धा भरवणाऱ्या संघटनांचे पदाधिकारी व स्पर्धा समित्यांचे सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

स्पर्धेची पन्नाशी, पंचाहत्तरी किंवा शंभरी जवळ आली की संघटनेला इतिहास आठवतो. स्मरणिका काढायची ठरते, तिच्यात दोन पाने विजेत्यांच्या यादीला दिली जातात, आणि ती यादी क्लबहाउसमधल्या लाकडी फलकावरून जशीच्या तशी उतरवून घेतली जाते. फलकावर असते काय, तर वर्ष आणि नाव. रंगाऱ्याला जेवढी जागा मिळाली तेवढाच इतिहास! अजिंक्यपद मॅच प्लेने (समोरासमोरच्या लढतीने) ठरले की स्ट्रोक प्लेने (एकूण फटक्यांवर), अंतिम सामना 18 होलचा (होल म्हणजे चेंडू खळग्यात घालेपर्यंतचा एक टप्पा) होता की 36 चा, प्रवेश कोणाला खुला होता, पावसाने किती फेऱ्या गेल्या, यातले काहीच तिथे नसते. मग त्याच यादीवरून ‘सर्वाधिक वेळा विजेता’, ‘सर्वात कमी धावसंख्या’, ‘सर्वात मोठा विजय’ असे विक्रम काढले जातात. (धावसंख्या हा शब्दसुद्धा क्रिकेटमधून उचललेला. गोल्फमध्ये फटके मोजतात, आणि कमी फटके मारणारा जिंकतो.)

आमचे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक वर्षाच्या नावापुढे ते अजिंक्यपद कसे ठरले याची नोंद हवी. ती कशी करायची आणि करताना कुठे पाय घसरतो, ते पुढे लिहितो.

सुरुवात स्पर्धेच्या वयापासून. ब्रिटनची हौशी अजिंक्यपद स्पर्धा आज 1885 पासून मोजतात. त्या वर्षी इंग्लंडमधल्या हॉयलेकला रॉयल लिव्हरपूल क्लबने सर्व हौशी खेळाडूंना खुली अशी एक स्पर्धा भरवली होती आणि तीत ॲलन मॅकफी यांनी होरेस हचिन्सन यांना 7 आणि 6 असे हरवले (अशा आकड्यांचा अर्थ पुढे येतो). पुढच्या वर्षी 24 क्लबांनी वर्गणी काढून करंडक केला, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला अधिकृत स्पर्धा झाली आणि हचिन्सन जिंकले. पहिले विजेते म्हणून पुढे बराच काळ त्यांचेच नाव यादीच्या डोक्यावर होते. 1922 मध्ये 1885 ची स्पर्धाही अजिंक्यपद धरण्याचे ठरले, तेव्हा कुठे मॅकफी यांचे नाव वर चढले.

अमेरिकेत याच्या उलट झाले. 1894 मध्ये तिथे दोन ‘राष्ट्रीय’ हौशी स्पर्धा झाल्या. न्यूपोर्टला स्ट्रोक प्लेने विल्यम लॉरेन्स जिंकले, आणि नंतर न्यूयॉर्कजवळच्या सेंट अँड्र्यूज क्लबवर मॅच प्लेने लॉरेन्स स्टॉडर्ड. दोन्ही ठिकाणी दुसरे आलेले चार्ल्स मॅक्डोनल्ड कोणतीच स्पर्धा खरी मानायला तयार नव्हते. या वादातूनच डिसेंबर 1894 मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय गोल्फ संघटना स्थापन झाली. 1895 मध्ये तिची पहिली स्पर्धा झाली, मॅक्डोनल्ड यांनी अंतिम सामना 12 आणि 11 असा जिंकला, आणि यादी तिथून सुरू होते. 1894 चे दोघेही बाहेर राहिले.

एकीकडे आधीची स्पर्धा आत घेतली, दुसरीकडे बाहेर ठेवली. दोन्ही निर्णयांची बाजू मांडता येते, कारण निर्णय कोणत्या साली झाला आणि कशाबद्दल झाला हे ठाऊक आहे. प्रादेशिक स्पर्धांच्या कागदपत्रांत नेमके हेच सापडत नाही. एखाद्या क्लबची जुनी आमंत्रितांची स्पर्धा कधीतरी ‘आपलीच’ म्हणून जोडली जाते आणि स्पर्धा एका रात्रीत वीस वर्षांनी म्हातारी होते. तेव्हा स्मरणिकेत तीन वर्षे वेगवेगळी छापा: स्पर्धा या ना त्या रूपात पहिल्यांदा खेळली गेली ते, संघटनेने ती स्वतःच्या नावाने पहिल्यांदा भरवली ते, आणि आजचे नाव मिळाले ते. शंभरी यांपैकी कोणत्या वर्षावरून धरायची ते समितीने खुशाल ठरवावे, पण ठरावाची तारीख इतिवृत्तात असू द्यावी.

आता स्वरूप. मॅच प्लेमध्ये दोघे समोरासमोर खेळतात आणि होलागणिक हार-जीत होते. स्ट्रोक प्लेमध्ये सगळे मैदानाशी खेळतात आणि एकूण फटके मोजले जातात. ही दोन इतकी वेगळी परीक्षा आहे की एकाच रकान्यात दोन्हींचे विजेते लिहिणे म्हणजे कुस्ती आणि वजन उचलणे एका यादीत मांडणे. अमेरिकेची हौशी स्पर्धा 1895 पासून मॅच प्लेची. 1965 ते 1972 ही आठ वर्षे ती 72 होलची स्ट्रोक प्ले झाली आणि 1973 मध्ये पुन्हा मॅच प्लेवर आली. त्या आठ वर्षांत ‘उपविजेता’ या शब्दाचा अर्थच बदलला. अंतिम सामना हरलेला तो उपविजेता, हे जाऊन एकूण फटक्यांत दुसरा आलेला तो उपविजेता झाला. 1966 मध्ये गॅरी कॉवन आणि डीन बीमन बरोबरीत आले आणि 18 होलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा फेरीत, कॉवन जिंकले. अशा वर्षी ‘अंतिम सामना’ असे लिहिणे चूक आहे. तिथे ‘प्लेऑफ’ असेच लिहायला हवे.

नावात प्रदेश असलेल्या स्पर्धांमध्ये अमेरिकेची वेस्टर्न ॲमॅच्युअर ही 1899 पासूनची, सर्वात जुन्यांपैकी एक. तिथे आज दोन्ही पद्धती एकापुढे एक येतात. आधी 72 होल स्ट्रोक प्ले, त्यातून वरचे 16 जण, मग चार फेऱ्यांचे मॅच प्ले. या स्पर्धेत एका खेळाडूची दोन वेगळी यशे असू शकतात: पात्रता फेरीत पहिला येणे आणि करंडक जिंकणे. ब्रिटनच्या स्पर्धेत पात्रतेसाठी 36 होलचे स्ट्रोक प्ले 1983 मध्ये आले, त्याआधी सगळे थेट बाद फेरीत उतरत. तुमच्या स्पर्धेत पात्रता फेरी कधी सुरू झाली, किती होलची होती, किती जण पुढे गेले आणि शेवटच्या जागेसाठीची बरोबरी कशी सोडवली, या चार गोष्टींना चार रकाने ठेवा. पात्रतेत पहिला आलेल्याचे नाव बहुतेक फलकांवर नसते. ते नोंदवहीत तरी असावे.

अंतिम सामन्याची लांबीही तपासा. ब्रिटनमध्ये 1896 पर्यंत अंतिम सामनाही 18 होलचाच होता. त्या वर्षी सँडविचला तो 36 होलचा झाला आणि फ्रेडी टेट यांनी हॅरल्ड हिल्टन यांना 8 आणि 7 असे हरवले. शिवाय जुन्या बातम्यांत ‘एक फेरी’ म्हणजे 18 होल असे गृहीत धरू नका. स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकचे मैदान सुरुवातीला 12 होलचे होते आणि तिथल्या ओपनचे (व्यावसायिकांनाही खुल्या असलेल्या स्पर्धेचे) 36 होल म्हणजे तीन फेऱ्या. न्यूपोर्टचे 1895 चे मैदान 9 होलचे, म्हणजे 36 होलसाठी चार फेऱ्या. लहान प्रादेशिक मैदानांवर ही अडचण अनेक दशके चालते. ‘दोन फेऱ्यांत 78’ हे वाचून कोणी तरी विक्रम जाहीर करतो, आणि खेळलेले असतात एकूण 18 होल.

जुने निकाल तपासायला एक हिशेब फार उपयोगी पडतो, पण तो क्वचितच वापरला जातो. मॅच प्लेचा निकाल ‘4 आणि 3’ असा लिहितात. चार होलची आघाडी, तीन होल बाकी, म्हणून सामना तिथेच संपला. या दोन आकड्यांतला फरक 1 किंवा 2 एवढाच असू शकतो. आघाडी उरलेल्या होलांपेक्षा जास्त झाली की सामना संपतो, आणि एका होलवर आघाडी फार तर एकाने वाढते. तीन होल बाकी असताना सामना संपला, याचा अर्थ चार बाकी असताना आघाडी चारपेक्षा जास्त नव्हती. म्हणून ‘4 आणि 3’ होईल, ‘5 आणि 3’ होईल, ‘6 आणि 3’ कधीच होणार नाही. त्याच न्यायाने ‘5 आणि 2’ अशक्य. सामना शेवटच्या होलवर संपला असेल तर निकाल ‘1 अप’ किंवा ‘2 अप’. ‘3 अप’ अशक्य. 18 होलच्या सामन्यात सर्वात मोठा निकाल ‘10 आणि 8’, 36 होलच्या सामन्यात ‘19 आणि 17’. म्हणजे पहिला आकडा 11 किंवा त्याहून मोठा दिसला की सामना 36 होलचा होता हे वेगळ्या पुराव्याशिवाय कळते. 1934 मध्ये प्रेस्टविकला लॉसन लिटल यांनी ब्रिटनच्या हौशी स्पर्धेचा अंतिम सामना 14 आणि 13 असा जिंकला. हिशेब बसतो, आणि सामना 23 व्या होलवर संपला हेही कळते. ‘37 व्या होलवर’ असे लिहिले असेल तर 36 होलनंतर बरोबरी होती आणि पहिल्याच अतिरिक्त होलवर निकाल लागला.

करंडकावर किंवा जुन्या कार्यक्रमपत्रिकेत ‘5 आणि 2’ दिसले तर अंदाजाने ‘5 आणि 3’ करू नका. ते ‘3 आणि 2’ असू शकते, ‘4 आणि 2’ असू शकते. कोरणाऱ्याचा हात नेमका कुठे घसरला ते त्या दिवसाच्या नोंदीतूनच ठरते. तोवर मूळ आकडा तसाच ठेवून शेजारी ‘अशक्य निकाल, तपासणी बाकी’ असे लिहा.

असाच हिशेब सामनापत्रिकेचा. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एकच जण बाहेर पडतो, म्हणून सामन्यांची संख्या प्रवेशिकांपेक्षा एकाने कमी येते. 43 प्रवेशिका असतील तर 42 निकाल हवेत. प्रतिस्पर्धी आला नाही म्हणून मिळालेला विजय त्यातच मोजायचा, पण वेगळी खूण करून. पहिल्या फेरीत पुढे चाल (न खेळता पुढच्या फेरीत प्रवेश) किती जणांना, तर 64 वजा 43, म्हणजे 21. उरलेले 22 जण 11 सामने खेळतील आणि दुसऱ्या फेरीत बरोबर 32 जण येतील. बेरीज जुळली नाही की एक तर पान हरवले आहे किंवा पुढे चाल पहिल्या फेरीत संपवलेली नाही. दुसरी गोष्ट सुरुवातीच्या काळात सर्रास होई. खुद्द 1885 मध्ये उपांत्य फेरीत तिघेच उरले होते. हचिन्सन यांना जॉन बॉल यांना हरवावे लागले, मॅकफी यांना पुढे चाल मिळाली. आजच्या संगणकाच्या साच्यात ही सामनापत्रिका बसत नाही, म्हणून कोणी तरी चौथे नाव शोधत बसतो. साचा बदला, नाव शोधू नका.

यापुढचा भाग नाजूक आहे: ‘हौशी’ म्हणजे कोण. 1885 मध्येच डग्लस रोलंड यांची प्रवेशिका नाकारली गेली, कारण आदल्या वर्षीच्या ओपनमध्ये त्यांनी बक्षिसाचे पैसे घेतले होते. जॉन बॉल यांनीही लहानपणी, 1878 च्या ओपनमध्ये, किरकोळ रक्कम घेतली होती. त्यांना मात्र खेळू दिले. पुढे ते आठ वेळा हौशी विजेते झाले. व्याख्या माणूस पाहून झाली असे कोणी म्हटले तर त्याला गप्प करणे अवघड आहे.

फ्रान्सिस विमेट यांचे उदाहरण तर प्रादेशिक संघटनांनी भिंतीवर लावावे असे आहे. 1913 ची यूएस ओपन त्यांनी हौशी म्हणून जिंकली. खेळाचे साहित्य विकण्याच्या धंद्यात भाग घेतला म्हणून राष्ट्रीय संघटनेने 1916 मध्ये त्यांचा हौशी दर्जा काढला. वेस्टर्न संघटनेने तो निर्णय मानला नाही आणि विमेट 1917 ची वेस्टर्न ॲमॅच्युअर खेळले व जिंकलेही. 1918 मध्ये राष्ट्रीय संघटनेने दर्जा परत दिला. म्हणजे 1917 च्या विजेत्याला एक संघटना हौशी म्हणत होती, दुसरी नाही. वेस्टर्नच्या यादीत त्यांचे नाव आहे आणि ते असायलाच हवे. तुमच्या यादीतही असा एखादा असेल. त्याचे नाव पुसू नका आणि त्याच्यावरचा वादही पुसू नका.

1 जानेवारी 2022 पासून हौशी दर्जाचे नियम पुन्हा बरेच बदलले. हँडिकॅपविना, म्हणजे कमी कसबाच्या खेळाडूला फटक्यांची सूट न देता, खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेत हौशी खेळाडूला आता रोख बक्षीसही घेता येते, मर्यादा 700 पौंड किंवा 1,000 डॉलर. प्रायोजकत्वावरची बंधनेही उठली. विमेट ज्यासाठी बाहेर गेले त्याकडे आज कोणी ढुंकूनही पाहणार नाही. म्हणून प्रत्येक वर्षाच्या ओळीत त्या वर्षी लागू असलेली प्रवेशाची अट लिहा: वयाची मर्यादा, हँडिकॅपची मर्यादा, संलग्न क्लबचे सदस्यत्व हवे होते का, प्रदेशातला जन्म किंवा वास्तव्य हवे होते का. क्लबच्या सदस्यत्वाची अट दिसायला साधी, पण कोण खेळू शकला नाही हे तीच सांगते. कितीतरी मैदानांवरचे उत्तम खेळाडू कॅडी, म्हणजे इतरांच्या पिशव्या वाहणारे, होते. अमेरिकेत ठरावीक वयानंतर कॅडीचे काम केले तर हौशी दर्जाच जाई. ही माणसे यादीत का नाहीत याचे उत्तर अटींच्या रकान्यात मिळते.

फटक्यांची तुलना हा स्मरणिकांचा आवडता खेळ. त्यात इतक्या गोष्टी बदललेल्या असतात की ती करूच नये असे आमचे मत, आणि करायचीच तर खुणांसह. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरी गाभ्याचा चेंडू आला आणि गटापर्चाचा (झाडाच्या चिकापासून केलेला) चेंडू गेला. क्लबांचे, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचे, पोलादी दांडे अमेरिकेत 1924 मध्ये, ब्रिटनमध्ये 1929 मध्ये मान्य झाले. 14 क्लबांची मर्यादा अमेरिकेत 1938 पासून, ब्रिटनकडे 1939 पासून. त्याआधी पिशवीत दोन डझनांहून अधिक क्लब घेऊन फिरणारे होते. 1.62 इंचांचा लहान चेंडू 1990 पर्यंत अनेक देशांत नियमात बसत होता, अमेरिकेत मात्र 1.68 इंचांचाच. मॅच प्लेमध्ये 1952 पर्यंत स्टायमी होता. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) तुमच्या वाटेत असला तरी तो उचलायला सांगता येत नसे. 1930 मध्ये सेंट अँड्र्यूजला बॉबी जोन्स आणि सिरिल टॉली यांचा सामना 19 व्या होलवर स्टायमीनेच सुटला. त्या वर्षी जोन्स यांनी चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्या एका आडव्या आलेल्या चेंडूबद्दल कमी जणांना.

मॅच प्लेच्या सामन्यातले ‘66 फटके’ विक्रमांत घेऊ नका. तिथे छोटे पट (चेंडू खळग्यात घालायचे हलके फटके) न मारताच सोडून दिले जातात, हरलेला होल अर्ध्यावर टाकला जातो, म्हणून तो आकडा अंदाजी. मैदानाचा विक्रम फक्त स्ट्रोक प्लेतला धरावा, तोही पूर्ण लांबीच्या मैदानावरचा आणि फेअरवेवर (होलच्या मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू उचलून नीट ठेवायची सवलत नसलेल्या दिवशीचा. ओल्या हंगामात ही सवलत स्थानिक नियमाने दिली जाते, आणि सूचनाफलकावरचा तो कागद स्पर्धा संपताच कचऱ्यात जातो. म्हणून स्थानिक नियमांचे पत्रक स्कोअरकार्डांबरोबर फाइलला लावायची सवय हवी.

जुन्या वृत्तपत्रात ‘बोगी 79’ असे वाचून गोंधळ होतो. 1890 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोगी म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित असलेले फटके, म्हणजे तेव्हाचे मानक. पारपेक्षा (होलसाठी आज ठरवलेल्या फटक्यांपेक्षा) एक जास्त हा अर्थ नंतरचा. होलचे क्रमांकही फसवतात. अमेरिकेत ऑगस्टाला 1934 च्या पहिल्या मास्टर्स स्पर्धेनंतर पुढचे नऊ आणि मागचे नऊ यांची अदलाबदल झाली. तुमच्या मैदानावर असे झाले असेल तर ‘सतराव्या होलवर सामना फिरला’ हे वाक्य आजच्या आठव्या होलबद्दल असू शकते. प्रत्येक वर्षासाठी मैदानाची लांबी, पार आणि त्या वेळचा होलक्रम लिहून ठेवणे, एवढाच यावर उपाय.

नावांबद्दल थोडक्यात. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या बातम्यांत हौशी खेळाडूच्या नावाआधी ‘मिस्टर’ असे, व्यावसायिकाच्या नावाआधी नसे. मिश्र स्पर्धेत कोण कोणता हे ओळखायला ही खूण अजून चालते. बाप-लेकांची एकच आद्याक्षरे ही नेहमीची डोकेदुखी. 1887 मध्ये हॉयलेकला हचिन्सन यांनी उपांत्य फेरीत जॉन बॉल यांना हरवले आणि अंतिम फेरीतही जॉन बॉल यांनाच. आधी वडील, मग मुलगा. लष्करी हुद्दे तर दर काही वर्षांनी बदलतात, त्यामुळे कॅप्टन आणि मेजर ही दोन माणसे मोजली जातात. प्रत्येक खेळाडूला एक कायमचा क्रमांक द्या आणि नावाची सगळी रूपे त्याखाली ठेवा. देवनागरी आणि रोमन लिपीतली रूपेही.

स्पर्धा झाली नाही ते वर्ष गाळू नका. ब्रिटनची स्पर्धा 1915 ते 1919 आणि 1940 ते 1945 झाली नाही, अमेरिकेची 1917-18 आणि 1942 ते 1945. रिकाम्या वर्षाची ओळ ठेवून कारण लिहिले नाही, तर ‘सलग तीन वेळा’ हा विक्रम महायुद्ध ओलांडून जातो. उष्ण प्रदेशात हंगाम डिसेंबर-जानेवारीत येतो, आणि 1967 चे अजिंक्यपद जानेवारी 1968 मध्ये खेळले जाऊ शकते. म्हणून अजिंक्यपदाचे वर्ष आणि प्रत्यक्ष खेळल्याची तारीख यांना दोन वेगळे रकाने हवेत. आम्ही पाहिलेल्या याद्यांतल्या सर्वाधिक चुका या एका गोष्टीतून आलेल्या आहेत.

निकाल नंतर बदलता येतो का, हा प्रश्न समित्यांना नेहमी पडतो. नियमांत याचे उत्तर स्पष्ट आहे, फक्त दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. स्ट्रोक प्ले स्पर्धा अधिकृतपणे संपल्यावर खेळाडूला बाद करता येते ते मोजक्याच कारणांनी: एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी फटके लिहून दिले (माहीतच नसलेल्या दंडाच्या फटक्यांमुळे आकडा कमी पडला असेल तर ते यात धरत नाहीत), बाद होण्याजोगा नियमभंग आपल्याकडून झाला हे स्पर्धा संपण्याआधी ठाऊक असून लपवले, किंवा नियम पाळायचा नाही असे इतरांशी संगनमत केले. अत्यंत गंभीर गैरवर्तनाची तरतूद वेगळी आहे. समितीचीच कारकुनी चूक, म्हणजे बेरीज चुकली किंवा बरोबरी चुकीच्या पद्धतीने सोडवली, ही मात्र कधीही दुरुस्त करता येते, तिला मुदत नाही. कार्डावर होलागणिक आकड्यांची जबाबदारी खेळाडूची, बेरजेची समितीची. 1968 च्या मास्टर्समध्ये रॉबर्टो डी व्हिसेंझो यांच्या कार्डावर सतराव्या होलला 3 ऐवजी 4 लिहिले गेले, त्यांनी सही केली, आणि 65 चे 66 झाले ते कायमचे. होलचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तोच धरला जातो. तेव्हा जुन्या कार्डावर बेरीज चुकलेली दिसली तर समितीने ती दुरुस्त करून ठराव नोंदवावा. होलचा आकडा ‘चुकीचा वाटतो’ म्हणून हात लावू नये.

कोणत्या कागदावर किती विश्वास ठेवायचा? फटक्यांसाठी सही केलेले कार्ड. निर्णयांसाठी इतिवृत्त. तारीख आणि हरलेल्याचे नाव यांसाठी दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र, शक्यतो दोन वेगळी, कारण सामना संपण्याआधीच छापायला गेलेली आवृत्ती अर्धवट निकाल देते. करंडकावरचे कोरीव काम त्यानंतर, आणि फलक सर्वात शेवटी, कारण तो बहुधा करंडकावरून किंवा जुन्या फलकावरून रंगवलेला असतो. म्हणजे एकच चूक तीन ठिकाणी दिसते आणि तीन पुरावे असल्याचा भास होतो.

करंडक हा पुरावा झिजतो. चांदीच्या पॉलिशच्या प्रत्येक हाताबरोबर अक्षरांच्या कडा जातात, मुलामा असेल तर लवकरच. वाचता न येणारी ओळ अंधाऱ्या खोलीत एका बाजूने, जवळजवळ आडवा प्रकाश टाकून छायाचित्रात पकडा, घासून उजळू नका. बैठकीवरच्या छोट्या पट्ट्या दुरुस्तीच्या वेळी काढून पुन्हा ठोकताना क्रम चुकतो, म्हणून काढण्याआधी चारही बाजूंचे छायाचित्र घ्या. आणि करंडक जळूही शकतो: अमेरिकेच्या हौशी स्पर्धेचा हॅवमायर करंडक 1925 मध्ये ईस्ट लेक क्लबहाउसच्या आगीत गेला, 1926 मध्ये नवा करावा लागला. ज्या इमारतीत करंडक, त्याच इमारतीत त्याची एकमेव यादी, अशी व्यवस्था कुठेच असू नये.

कागद सांभाळताना चार चुका हमखास होतात. कार्डांना रबरबँड लावतात, तो वितळून चिकटतो. टाचण्या गंजतात. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावली की काही वर्षांत तिथेच तपकिरी डाग पडतो. आणि महत्त्वाचे कागद लॅमिनेट करतात, ते परत सोडवता येत नाहीत. जुनी, पेन्सिलने लिहिलेली कार्डे उलट चांगली टिकतात. छायाचित्रामागे नावे लिहायची तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. थर्मल कागदावर छापलेले निकाल आधी स्कॅन करा, ते दोन-चार वर्षांतही पांढरे पडतात. गंमत म्हणजे सर्वात जास्त धोका सर्वात ताज्या वर्षांना आहे. निकाल एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असतात, करार संपतो, दुवा बंद पडतो, आणि जुन्या काळची कार्डे शाबूत असताना गेल्या दशकाच्या फेऱ्या गायब होतात. स्पर्धा संपल्याच्या आठवड्यात होलागणिक फटक्यांची साधी तक्ता-फाइल उतरवून घ्या. तिच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी.

आमची मागणी पुढच्या वार्षिक सभेपुरती आहे. एका सदस्याला नोंदप्रमुख नेमा, पदाधिकाऱ्यांच्या मुदतीशी त्याची मुदत बांधू नका. पहिल्या वर्षी फक्त एक काम द्या: प्रत्येक वर्षाची एक ओळ, तीत तारीख, मैदान, स्वरूप, प्रवेशिका, विजेता, उपविजेता, निकाल, आणि ही माहिती कोणत्या कागदावरून घेतली ते. जिथे पुरावा नाही तिथे रकाना रिकामा. स्मरणिका छापायची असेल तर ती ओळ आहे तशी छापा, रिकाम्या रकान्यांसह. अशा पानांवर जुन्या खेळाडूंच्या घरून पत्रे येतात, कात्रणे येतात, कधी पत्र्याच्या पेटीत ठेवलेली कार्डेही येतात. त्यांची पोच द्यायला आणि स्कॅन करून मूळ कागद परत करायला एक माणूस आणि एक टेबल आधीच ठरवून ठेवा.

आपले,
गोल्फ स्पर्धांच्या जुन्या नोंदी तपासणारे काही जण